पूजेच्या विळ्यावरचं तांबं

प्रिय वहिनी,

काल तुझा दहावा झाला आणि मला अजून मळमळतंय. जेवण बाधलं असं कुणाला वाटेल, पण मी काल जेवलेच नाही. माणसंच बाधली.

लिहायला आत्ता बसले त्याला कारण आज सकाळचा तास. सुट्टी संपवून मंचरकडच्या माझ्या शाळेत परतले, दहावीच्या वर्गावर गेले आणि पाठ नेमका तोच आला, 'रासायनिक अभिक्रियांचे प्रकार'. फळ्यावर मथळा लिहिते न लिहिते तोच पोरं एका सुरात सुरू झाली. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन! क्लासवाल्याने पाढ्यासारखं घोकून घेतलेलं. मी विचारलं, मोरचुदाचा रंग कोणता? पोरं पुस्तकाची पानं उलटायला लागली. घरोघरी बागायती, पडवीत फवारणीच्या मोरचुदाच्या पिशव्या पडलेल्या, आणि पोरांना फक्त प्रकारांची नावं येतात! एकाने हळूच विचारलं की हा प्रश्न बोर्डाला येतो का. मला इतका वीट आला की खडू टेबलावर ठेवून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तू असतीस तर हसली असतीस. मला हसू आलं नाही.

आता कालचं सांगते. पुष्पावती नदीच्या घाटावर तुझ्यासाठी केवढी गर्दी, केवढ्या गाड्या! पिंडाला कावळा लगेच शिवला, त्याची काही तक्रार नव्हती. भाषणं मात्र संपेनात. आपल्याकडे माणूस मेलं की पुढाऱ्यांना माईक लागतो. तुझं नावसुद्धा धड ठाऊक नसलेले एक गृहस्थ उठले, शेजाऱ्याला विचारून नाव घेतलं आणि म्हणाले, "माउली एवढी शिकल्याली, बी.एस्सी. झाल्याली, पण उभ्या जल्मात कधी तोंड वर करून बोलली न्हाई. असं सोशिक माणूस व्हनं न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. दादासुद्धा डोलावत होता. वहिनी, हे कौतुक? शिकलेली बाई गप्प बसली याचं? मला तिथंच ओकारी येईल असं वाटलं. पदर तोंडाला लावला तर बायका म्हणाल्या, नणंदेला लई लागलंय.

तू सोशिक कधी होतीस गं? घोडेगावहून लग्न होऊन डिंगोऱ्याला आलीस तेव्हा तोंडाचा पट्टा नुसता चालायचा. भाकरी थापायला घेतलीस की तिचा नकाशा व्हायचा आणि तूच सगळ्यांच्या आधी हसायचीस. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, कॉलेज शिकलेली, आणि तरी रिवाजाप्रमाणे मला 'वन्सं' म्हणायचीस, अहोजाहो करायचीस. मी शेंबडी पोर तुला अगंतुगं करायची. त्या रिवाजाचीसुद्धा आता किळस येते.

तेव्हा मी दहावीला होते, शास्त्रात नापास होण्याच्या बेतात. आमचे सर समीकरणं सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. बाण कुठल्या बाजूला करायचा एवढंच कळायचं. शाळेच्या कपाटात बाटल्या होत्या, पण कपाटाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते देवाला माहीत. मी पुस्तक घेऊन रडत बसले होते आणि तू येऊन पुस्तक मिटलंस. म्हणालीस, चला, चुना विझवायचाय.

छाटणी झाली होती. द्राक्षबागेला मोरचूद-चुन्याची पहिली फवारणी द्यायची म्हणून दादाने कळीचा चुना आणला होता. तू मला लांब उभं केलंस, मडक्यात चुन्याचे खडे टाकून वरून पाणी सोडलंस आणि मडकं रटरट उकळायला लागलं. खाली ना चूल ना लाकडं! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तू म्हणालीस, हा संयोग, दोघं एक झाले आणि केवढी ऊब बाहेर पडली बघा, लग्नघरासारखी. मग चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातून वायू निघून जातो आणि हा कळीचा चुना मागे राहतो, ते अपघटन. अपघटन म्हणजे वाटणी, एका घराच्या दोन चुली. मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात लोखंडी खिळा सोडलास, तर खिळ्यावर तांबूस थर चढला. लोखंड तांब्यापेक्षा खटपटी, त्याने तांब्याला हुसकून बाहेर काढलं आणि त्याची जागा घेतली. हे विस्थापन. "सवत आली म्हणायची, आणि पहिलीला दाराबाहेर बसवलं," असं म्हणून मला डोळा मारलास.

आणि दुहेरी विस्थापन? मोरचूद आणि चुना, दोघांचे जोडीदार बदलले. मोरचुदातलं सल्फेट चुन्याच्या घरी गेलं, चुन्यातलं हायड्रॉक्साइड तांब्याच्या घरी आलं. "साटंलोटं, वन्सं. यांची पोरगी त्यांना, त्यांची पोरगी यांना." आकाशी रंगाचं ते दाट पाणी ढवळताना तू हे सांगितलंस आणि माझ्या डोक्यात कायमचं बसलं. इतकी वर्षं मी वर्गात तुझंच साटंलोटं सांगत आलेय. मुख्याध्यापक म्हणतात, बाई, उदाहरणं जरा शालीन द्या.

हे सगळं चार दिवस चाललं असेल. मग ती खंडेनवमी आली.

घरातली सगळी हत्यारं घासून पुसून पाटावर मांडली होती. कोयता, कुऱ्हाड, छाटणीच्या कात्र्या, आईचा विळा. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नैवेद्य. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ते पुजायचं. पण सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, बागेला कोवळी पानं फुटली होती, आणि अशा हवेत केवडा रोग एका रात्रीत बाग खातो. मग दादाने पंपाला कुंकू लावलं आणि त्याच पंपाने फवारायला काढलं. पुरुषाने पूजेचा पंप सुरू केला तर चालतं. त्याची गरज असते ना!

चुना तेवढा संपला होता. आई म्हणाली, घरात बादली भरून चुना असताना विकत कशाला आणायचा? मोरीमागे मागल्या वर्षी भिंतींना पांढरी लावून उरलेला चुना होता, उघड्या बादलीत वर्षभर पडलेला. तू म्हणालीस, तो मेलाय, हवा पिऊन पिऊन त्याचा परत खडू झालाय, तांब्याला तो पुरा पडणार नाही. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दादाने तोच चुना बॅरलमध्ये ओतला.

तेव्हा तू धावत घरात गेलीस आणि पाटावरचा विळा उचलून आणलास. का, ते मला कळलं होतं. मिश्रणात मोकळं तांबं उरलंय का हे बघायला गंज नसलेलं, लखलखीत लोखंड लागतं, आणि त्या दिवशी घरात लखलखीत काय असणार? पूजेला घासलेला विळाच. तू तो बॅरलमध्ये बुडवलास, थोडा वेळ धरलास आणि बाहेर काढलास. पातं तांबडं झालं होतं.

"वन्सं, तांबं चढलंय. चुना कमी पडतोय. हे मारू नका, पानं जळतील."

आई दारात उभी होती. तिने पातं पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी अजून विसरले नाही. "पूजेचा विळा इखात बुडवला हिनं," ती म्हणाली. "रगात आलंय त्याला."

मी म्हणाले, आई, ते रक्त नाही, तांबं आहे, हे विस्थापन आहे, आमच्या पुस्तकात आहे. एक मुस्काटात बसली. कालची उगवलेली पोर आईला शिकवते म्हणून. आणि दादा? त्याने एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि पंपाची नळी बॅरलमध्ये सोडली.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा काळ्या पडल्या. चौथ्या दिवशी कोवळे शेंडे होरपळले. अख्खा प्लॉट भाजल्यासारखा दिसत होता. त्या हंगामाला आपली बाग गेली. आणि गावात काय पसरलं? नव्या सुनेने पूजेचा विळा विषात घातला, विळा रक्ताळला आणि बाग जळाली. हिचा हात बागेला लाभत नाही!

बघ ना, केवढी उलटी खोपडी! विळा सांगत होता की पानं जळणार आहेत. ह्यांनी ठरवलं, विळ्यामुळंच जळली. ताप बघायला काचेची नळी काखेत धरावी, आणि पारा चढला म्हणून नळीलाच बडवावं, तसली ही तऱ्हा. शिकलेसवरलेलेसुद्धा हेच बोलत होते. आमच्या शास्त्राच्या सरांनाही मी विचारलं होतं. ते म्हणाले, पुस्तकातलं पुस्तकात आणि घरातलं घरात. त्या माणसाकडून मी समीकरणं शिकत होते, वहिनी. थू!

त्यानंतर तुला बागेची पायरी बंद झाली. बांधापर्यंत यायचीस, भाकरीची पाटी बांधावर ठेवायचीस आणि बाई माणूस येऊन ती आत नेईपर्यंत उभी राहायचीस. माल निघायच्या दिवसांत सगळं गाव आपल्या बागेत घड तोडायला असायचं आणि मालकीण बांधावर! मी सुट्टीला यायचे तेव्हा ते बघून माझं डोकं फिरायचं. तू मात्र माझा हात धरून घराकडे वळायचीस.

आता तुझ्यावर रागावू? दहावीचा निकाल लागला, शास्त्रात मला चांगले गुण पडले, तेव्हा मी पुस्तक घेऊन आईसमोर बसणार होते. तो पाठ उघडून, मोरचूद आणि लोखंड, शब्दन् शब्द वाचून दाखवणार होते. तूच ते पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंस. "पानात चुना जास्त झाला की तोंड भाजतं, वन्सं. असू द्या." का असू द्यायचं? घोडेगावच्या त्या बडबड्या पोरीला कुठं पुरलंस तू? तुझ्या त्या शहाणपणाचाही मला तिटकारा येतो, खोटं कशाला बोलू. तू एकदा भांडली असतीस, भांडी आपटली असतीस, माहेरी निघून गेली असतीस, तर निदान त्या माईकवाल्याला सोशिक हा शब्द सापडला नसता.

असो. आता जे सांगायचंय ते सांगते. ते सांगायलाच खरं तर बसले.

काल घाटावरून घरी आल्यावर मी प्राजूला म्हटलं, चल, जरा बागेत फिरून येऊ, इथं बायकांच्या रडण्यात बसू नकोस. तुझी नऊ वर्षांची पोर, वहिनी. पायात चप्पल घालता घालता थांबली. म्हणाली, "नको आत्या. माझा हात आईवर गेलाय. आजी म्हणती, मी बागंला हात लावायचा न्हाई."

मी तिला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं, जसं तू मला सांगितलं होतंस तसं. चुना, मोरचूद, साटंलोटं, विळ्यावरचं तांबं. ती नीट ऐकत होती. डोकं तुझ्यासारखं आहे तिचं, भराभर कळतं. शेवटी तिने एवढंच विचारलं की आत्या, मग पप्पा असं का न्हाई म्हणत?

मी उठले आणि दादाला शोधत गेले. तो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी एकटाच बसला होता, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. मला त्याची कीव आली, ती पण खरी. मी त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, दादा, त्या साली वहिनी बरोबर होती.

तो माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, "ठावं हाय मला."

मला वाटलं, तो आताचं बोलतोय, बायको गेल्यावर माणसाला उपरती होते तसं. मी विचारलं, कधीपासून? तेव्हा त्याने सांगितलं. दुसऱ्याच वर्षी नारायणगावला बागायतदारांचा मेळावा होता. तिथं मांडवात कुणा साहेबाने बॅरल मांडलं, सगळ्यांसमोर त्यात लोखंडी पातं बुडवलं आणि सांगितलं, तांबूस झालं तर चुना वाढवा, नाहीतर पानं जळतील. शेदोनशे बागायतदार टाळ्या वाजवत होते. दादाही त्यांत होता. त्या दिवसापासून मोटारीच्या खोलीत, पत्र्याच्या फटीत, त्याने एक पातं लपवून ठेवलंय. प्रत्येक फवारणीच्या आधी दार लोटून घेतो आणि बुडवून बघतो. तुझी पद्धत, वहिनी! इतकी वर्षं त्याने तुझ्याच पद्धतीने बाग राखली, आणि तू तिकडे बांधावर उभी होतीस.

मी म्हटलं, मग तिला सांगितलं का नाहीस? आईला का नाही सांगितलंस?

"आईला काय वाटलं असतं? चुना तिनंच दिल्याला." मग तो म्हणाला, "आन तिला सांगायचं काय? तिला ठावंच व्हतं की."

तिला ठावंच व्हतं की! ऐकलंस? तू बरोबर आहेस हे तुला माहीतच होतं, मग ते तुझ्या नवऱ्याने तोंडाने म्हणायची गरज काय? माझा सख्खा भाऊ, वहिनी. लहानपणी मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडणारा. त्याच्याशेजारी बसवेना मला. अंगावरून काहीतरी ओलसर सरपटत गेल्यासारखी शिसारी आली. आईचं मला कळतं. तिला तांबं आणि रक्त यातला फरक माहीत नव्हता, तिला कुणी शिकवलाच नाही. पण ह्याला माहीत होता. ह्याला माहीत होता आणि ह्याने तुला बाहेर उभं केलं, कारण घरात शांतता राहते. असल्या शांततेत माझा जीव गुदमरतो.

मी त्याला विचारलं, निदान प्राजूला सांगशील? तिला आत बोलवून, समोर बसवून म्हणशील की तुझी आई बरोबर होती आणि मी चुकलो? तो म्हणाला, आई आता थकलीय, तिच्या कानावर जाईल, ती आहे तोवर राहू दे. म्हणजे अजून थांबायचं. तू गेलीस तरी तुझा नंबर लागलेला नाही.

मी न जेवता निघाले. आई दारातून हाका मारत होती, बायका म्हणत होत्या की सुतकाच्या घरातून उपाशी जाऊ नये. प्राजू पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. स्टॅंडवर येऊन मी गाडीत बसले तेव्हा कळलं, चप्पल एक माझी आणि एक दुसऱ्याच कुणाची घालून आलेय.

वहिनी, तुला आता काही सांगून उपयोग नाही हे मला कळतं. मी शास्त्र शिकवते, पत्र कुठं पोचणार नाही हेही मला कळतं. तरी एक शब्द देते. थोड्याच दिवसांवर भाऊबीज आली. आजवर एकही भाऊबीज मी चुकवलेली नाही, लग्न झालं तरी, बाळंतपण झालं तरी. यंदा ताट करणार नाही. सुतक आहे म्हणून नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगणार आहे. पुढल्या वर्षीही करणार नाही. ज्या दिवशी तो प्राजूचा हात धरून तिला बागेत नेईल आणि तिच्या तोंडावर म्हणेल, "तुझी आई खरं बोलत व्हती, मला ठावं व्हतं आन मी गप बसलो," त्या दिवशी मी येईन, मग चैत्र असो नाहीतर आषाढ, आणि त्याला ओवाळीन. तोवर मला भाऊ नाही.

तुझीच,
वन्सं